अकरा जबान्या आणि एक अंगठा

मी ज्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, तेथून अलीकडे मला एक छापील पत्रक आले. विद्यार्थ्याने संशोधनासाठी मार्गदर्शक कसा शोधावा याविषयी जुन्या विद्यार्थ्यांनी आपला अनुभव कळवावा, अशी विनंती होती आणि उत्तरासाठी खाली साडेतीन ओळींची जागा सोडली होती. साडेतीन ओळी! ज्या एका सहीसाठी मी तीन प्राध्यापक, एक नदी आणि अकरा साक्षीदार ओलांडले, ती हकीकत साडेतीन ओळींत मागणाऱ्या गृहस्थाने स्वतः मार्गदर्शक कधी शोधलेला नसावा. मी त्याच दिवशी चार पानांचे निषेधपत्र पाठवले. त्यात जे मावले नाही, ते येथे नमूद करतो.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातला एक तालुका होता आणि माझे वडील तेथील कचेरीसमोरच्या चिंचेखाली बसणारे अर्जनवीस होते. लोकांचे अर्ज, तक्रारी, जबान्या लिहून देणे हा त्यांचा व्यवसाय. मार्कंड्याची जत्रा भरली की ते आपली लाकडी पेटी घेऊन तेथेही बसत. देवदर्शनाला आलेल्या माणसाला तक्रार हटकून आठवते, असा त्यांचा अनुभव होता. त्यांनी मला दोन नियम शिकवले. पहिला, तोंडी बोललेले खरे मानू नये. कागद करावा आणि त्यावर दोन साक्षीदार घ्यावेत. दुसरा, एकदा अंगठा उठला की त्या जबानीतले अक्षरही हलवायचे नाही, मग ती आपल्याला कितीही खोटी वाटो. या दोन नियमांनिशी मी शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झालो. डॉक्टरकीला ते किती उपयोगी पडतील याचा विचार आम्हा दोघांपैकी कोणीही केला नव्हता.

तिसऱ्या वर्षी आमच्या वॉर्डात धानोऱ्याकडचा एक माणूस आला. मोहफुले वेचायला गेला असता अस्वलाने त्याचा चेहरा फाडला होता. त्याची बोली कोणाला उमगेना, म्हणून मला बोलावले. चेहऱ्यावर पट्ट्याच पट्ट्या.

"मले दिसून नाई राह्यलं, भाऊ," तो म्हणाला. "पन नाक हाये का, तेवढं सांग."

"आहे."

"पुरं?"

"पुरं आहे."

"मंग झालं. बायको घरात घेईन."

तो एका डोळ्यानिशी आणि वाकड्या झालेल्या तोंडानिशी, पण हसत घरी गेला. मी ग्रंथालयात जाऊन शस्त्रक्रियेचा जाडजूड ग्रंथ उघडला. त्यात बंदुकीच्या जखमा होत्या, संगिनीच्या होत्या, ट्रामखाली सापडलेल्यांच्या होत्या. उंटाच्या चाव्याला अर्धे पान दिलेले होते. अस्वलाला एक ओळही नव्हती. ज्या मुलखात दर चैत्रात मोह गळतो आणि दर चैत्रात अस्वल त्याखाली येते, त्या मुलखातल्या माणसाच्या चेहऱ्याला उंटाच्या चाव्याइतकीही किंमत नसावी, हे वाचून माझे डोके फिरले. ते अजून पूर्ण ठिकाणावर आलेले नाही.

महाविद्यालयात विद्यार्थ्यांची वार्षिक संशोधनसभा भरत असे. तेथे या जखमांवर निबंध वाचायचा, असे मी ठरवले. नियम एकच होता: मार्गदर्शक म्हणून एका अध्यापकाची सही असल्याखेरीज निबंध स्वीकारला जाणार नाही. म्हणजे मला अस्वल मिळाले होते. सही तेवढी मिळवायची होती.

शस्त्रक्रियेच्या प्राध्यापकांना मी सहा पानांचे, सतरा कलमी पत्र लिहिले. उत्तर आले नाही. आठव्या दिवशी स्मरणपत्र धाडून कळवले की, यापुढे उत्तर न आल्यास आपली संमती आहे असे गृहीत धरण्यात येईल. त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "मौन म्हणजे संमती हा नियम लग्नात चालतो. शस्त्रक्रियेत नाही. जा." वैद्यकाच्या प्राध्यापकांनी माझे पत्र मलाच परत केले, समासात लाल शाईने लिहिले होते, 'अस्वल हा रोग नाही.' तिसरे प्राध्यापक आरोग्यशास्त्राचे. ते सज्जन होते. म्हणाले, "मार्गदर्शन आनंदाने करीन, विषय मात्र हिवताप घ्या." मी लेखी नकार दिला. वसतिगृहात माझी कीर्ती पसरली. जेवणाच्या पंगतीत कोणी ना कोणी विचारीच, "काय अस्वलाचे वकील, आज तारीख होती का? अशील हजर होतं?"

राहिल्या होत्या शरीररचनाशास्त्राच्या बाई. त्या पदाने कनिष्ठ होत्या आणि पत्रांना उत्तर देत नाहीत अशी त्यांची ख्याती होती, म्हणून मी त्यांना शेवटी ठेवले होते. मी पत्र घेऊन थेट शवविच्छेदनाच्या दालनात गेलो. बाई एका चेहऱ्यावरची त्वचा बाजूला करून त्याखालची नस मोकळी करीत होत्या. भोवती पहिल्या वर्षाची वीसेक मुले उभी होती.

"माझे हात गुंतलेत," त्या मान वर न करता म्हणाल्या. "वाचा."

"येथे?"

"मग कुठे? मी इथेच असते."

मी वाचू लागलो. एकट्याने बसून लिहिताना जी वाक्ये तोफेसारखी वाटली होती, ती वीस मुलांसमोर मोठ्याने वाचताना फार लांब वाटू लागली. नवव्या कलमात 'सदरहू उपेक्षा न्यायबुद्धीला लांछनास्पद असून' असे आले, तेव्हा मागून कोणीतरी खुदकन हसले. मी सतरावे कलम संपवून घाम पुसला.

"तक्रार समजली," बाई म्हणाल्या. "कोणाविरुद्ध आहे?"

"उपेक्षेविरुद्ध."

"अस्वलाविरुद्ध काही नाही?"

मुले आता उघड हसली. बाईंनी नस चिमट्याने उचलून मला दाखवली. "ही तुटली की डोळा मिटत नाही आणि तोंड वाकडं होतं. तुमच्या माणसाचं तेच झालं असणार. पण तुमच्या सतरा कलमांत सगळी उत्तरंच आहेत हो. ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही असा एक प्रश्न मला आणून द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दहाबारा जखमी माणसं बघा. जखम कुठे झाली, त्या वेळी काय करत होते, विचारून या. मग सहीचं बघू."

'मग बघू' हे कायद्याच्या दृष्टीने वचन नव्हे, हे मला ठाऊक होते. तरीही मी वसतिगृहापर्यंत जवळजवळ धावत गेलो.

धानोऱ्याच्या पुढे जंगलात माझ्या वडिलांच्या ओळखीचे एक गाव होते. तेथले पाटील म्हणजे गोंडांतला एक वयस्क, मिस्कील माणूस. त्यांच्या कपाळापासून जबड्यापर्यंत तीन समांतर चरे गेलेले होते. त्यांच्या धाकट्या भावाला डावा कान नव्हता. गावात आणखी नऊ चेहरे तसलेच. मे महिना होता, मोहाचा हंगाम सरला होता आणि लोक मोकळे होते. मी चावडीत टेबल मांडले, वडिलांचे शाईचे पॅड उघडले आणि प्रत्येक जबानीला दोन साक्षीदार बसवून काम सुरू केले. पहिले पाटील. साक्षीदार क्रमांक एक, त्यांचा भाऊ.

"जखम कशाने झाली?"

पाटलांनी पॅडकडे पाहिले, भावाकडे पाहिले. "बैलानं मारलं."

"बैलाला तीन शिंगं होती का?"

"थो बैलच तसा होता, भाऊ."

चावडी हसली. मी ते जसेच्या तसे लिहिले आणि अंगठा घेतला. मग भाऊ आला.

"मी पडलो."

"कुठून?"

"झाडावरून."

"आणि कान?"

"थो झाडावरच राह्यला."

एका बाईने आपला फाटलेला गाल चुलीच्या नावावर मांडला. एकाने सासऱ्याच्या. तीन दिवसांत माझ्यापाशी रीतसर साक्षांकित अकरा जबान्या जमल्या आणि त्या अकरांतून निर्विवादपणे सिद्ध होत होते की, त्या गावात अस्वल कधीही आलेले नाही. मी संतापलो. वनखात्याचा शिपाई येऊन कागद रंगवतो, तसलाच हाही कागद समजून लोक भ्याले असावेत, असा तर्क करून मी त्यांना कायदा समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला, मला ताक पाजले आणि पुन्हा बैलच सांगितला.

वडिलांनी अकराही जबान्या चिंचेखाली बसून वाचल्या. "उत्तम," ते म्हणाले. "एक खाडाखोड नाई."

परतीच्या प्रवासात ते कागद माझ्या मांडीवर होते आणि खिशात पेन होते, हे मी आज कबूल करतो. जेथे बैल होता तेथे अस्वल लिहिले असते, तर ते खरेच ठरले असते. कोणी तपासायला जाणार नव्हते. सही मिळाली असती. मी दोनदा टोपण काढले आणि दोनदा लावले. अंगठे उठलेले होते. मी तो गठ्ठा होता तसा नेऊन बाईंपुढे ठेवला आणि आता हिवतापच नशिबी आहे अशा तयारीने उभा राहिलो.

बाईंनी हात धुतले, पुसले आणि वाचू लागल्या. 'थो झाडावरच राह्यला' येथे त्या इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावे लागले. अकरावी जबानी संपल्यावर त्यांनी डोळे टिपले.

"आणि हे तुम्ही बदललं नाहीत?"

"अंगठा उठला होता."

त्यांनी माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिले. "अस्वलाची जखम आहे हे त्या गावात सगळ्यांना दिसतंय. मग ती माणसं लपवतात ते कोणापासून? तुमच्यापासून, की एकमेकांपासून?"

मी वरची जबानी उचलून पुन्हा वाचली.

"उत्तर ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही. झाला तुमचा प्रश्न तयार."

"आणि सही?"

"मोह पुन्हा कधी गळतो?"

"होळीच्या सुमारास सुरू होतो."

"तर होळीच्या सुट्टीत जाऊ."

तोपर्यंत दर शनिवारी त्यांनी मला दालनात उभे करून चेहऱ्याच्या नसा काढायला लावल्या. माझी चित्रे त्या एक शब्द न बोलता फाडीत. हिवाळ्याच्या मध्यात एक चित्र त्यांनी फाडले नाही, कपाटावर चिकटवले. त्या दिवशी मी वडिलांना पत्र लिहिले; माझ्या आयुष्यातले ते बहुधा पहिलेच पत्र, ज्यात तक्रार नव्हती. त्यांनी उलट टपाली विचारले, प्रकृती बरी आहे ना?

होळीला आम्ही निघालो. वैनगंगा डोंग्यातून ओलांडली आणि पुढे बैलगाडी केली. वडीलही सोबत आले. शिक्षिकेला जंगलात एकट्या विद्यार्थ्याबरोबर पाठवणे त्यांना नियमबाह्य वाटत होते. बाईंनी मला एकच अट घातली होती: कागद नाही, पेन नाही, साक्षीदार नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे टोपल्या घेऊन गाव मोहाकडे निघाले तेव्हा मीही मोकळ्या हातांनी निघालो. आपले हात किती लांब असतात आणि ते कोठे ठेवायचे असतात, याचा मला त्या दिवशी प्रथमच प्रश्न पडला.

पाटलीणबाई पुढे होत्या. त्या खाकरत होत्या, काठीने टोपलीचे बूड बडवत होत्या, झाडांना हाका मारत होत्या.

"असं काऊन?" बाईंनी विचारले. आठवड्याभरापूर्वी त्यांना हा शब्द येत नव्हता.

"अस्वल आयकते आनं जाते. सारेच असं करतेत."

पुढे त्यांनी दाखवले: हा मोह आमचा, तो दिराचा, तो पलीकडच्या घरचा. जंगल कोणाचेही असो, झाड घरोघर वाटलेले असते आणि दुसऱ्याच्या झाडाखालचे पडलेले फूलही कोणी उचलत नाही. ही वाटणी कोणत्याही दफ्तरात नव्हती. मला तरी सापडली नाही. पण माझ्या पाहण्यातला कोणताही खातेउतारा इतक्या निष्ठेने पाळला गेलेला नाही.

बाई खाली बसून फुले वेचू लागल्या. पिवळसर, रसाळ, बोटांना चिकटणारी फुले. थोड्या वेळाने म्हणाल्या, "एवढं ओरडत यायची रीत आहे, तर अस्वल गाठतं कसं माणसाला?"

"जो वरडत नाई, त्याले गाठते."

"आणि कोणी का ओरडत नाही?"

पाटलीणबाई हसल्या आणि हनुवटी नवऱ्याकडे वळवली. "ह्या शान्याले ईचारा."

पाटलांनी दोन झाडे पलीकडे वेचणाऱ्या भावाकडे पाहिले. मग आवाज खाली आणला. "बाई, त्या साली माह्या झाडाखाली फुलं कमी भरे. मले वाटे, कोनी नेऊन राह्यलं. मंग मी एक दिवस चुपचाप आलो. खोकलो नाई, वरडलो नाई. धरतोच म्हनलं चोराले."

"कोण वाटला चोर?"

पाटलांची नजर पुन्हा भावाच्या झाडाकडे गेली.

"मग?"

"झाडाखाली कोनी वाकून दिसलं. काळं. मी मांगून गेलो, 'सापडला का रे!' म्हनलं आनं हात धरला." त्यांनी गालावरच्या चऱ्यांवरून हात फिरवला. "त्यानं बी मले धरलं."

मला राहवेना. "मग चावडीत बैल का सांगितलात?"

पाटलांनी माझी कीव आल्यासारखे पाहिले. "काऊन म्हंजे? तूच तं भावाले माह्या बाजूले बशिवलं होतं, साक्षीदार म्हनून. त्याच्या म्होरं कसा सांगू, का मी तुलेच धराले गेलतो?"

खोटेपणाला आळा बसावा म्हणून मी जो साक्षीदार नेमला होता, त्याच्याचमुळे पाटलांना खोटे बोलावे लागले होते. अकराही जबान्यांत मी हेच केले होते; शेजारी, दीर, जाऊ, ज्याचा ज्याच्यावर संशय, त्याला त्याच्याच शेजारी कायदेशीररीत्या बसवले होते. बाई मोहाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

तेवढ्यात दोन झाडांपलीकडून आवाज आला. जंगलात पहाटे आवाज किती दूर जातो, हे पाटील विसरले होते.

"दादा! माहा कान बी थ्याच कामात गेला!"

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत उभे राहिले.

"तू मले चोर समजत होता?"

"आनं तू मले काय समजत होता?"

"दोघं बी बसा," पाटलीणबाई म्हणाल्या. "चोर तं खाऊन कवाचा गेला."

भाऊ टोपली टाकून हसत सुटला, मग पाटील, मग सारे रान. त्या हसण्याने दहा कोसांतले अस्वल पळाले असेल. दुपारपर्यंत अकरांपैकी बहुतेकांनी आपणहून येऊन आपापल्या बैलाचे, चुलीचे आणि सासऱ्याचे खरे नाव सांगितले. चुपचाप गेलो होतो, असेच ज्याचे त्याचे म्हणणे.

"लिहून काढा," बाई मला म्हणाल्या. "आता लिहा."

माझ्यापाशी कागद नव्हता. वडिलांनी खाकरून आपल्या पिशवीतून कोरे ताव, पेन आणि सभेचा अर्ज काढला. अट मला घातलेली होती, त्यांना नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि तो बिनतोड होता. बाईंनी अर्ज घेतला, 'मार्गदर्शकाची सही' अशी ओळ शोधली आणि पेन धरले. ते त्यांच्या बोटांतून निसटून फुलांत पडले. मोहाच्या रसाने दोन्ही हात माखून चिकट झाले होते आणि पाणी गावात होते.

"पॅड आहे का तुमच्याकडे?" त्यांनी वडिलांना विचारले.

वडिलांनी मोठ्या आदराने पॅड उघडले. बाईंनी डावा अंगठा टेकवला आणि अर्जावर उठवला.

"बाईले लिहिता नाई येत का?" पाटलांनी मला हळूच विचारले.

"आत्ता नाही येत," बाई म्हणाल्या.

महाविद्यालयाच्या कचेरीतल्या लिपिकाने तो अर्ज दोन बोटांत धरून मला परत केला. मार्गदर्शक निरक्षर आहेत काय, असे त्याने विचारले. बाईंना हे कळताच त्या म्हणाल्या, "आणा, सही करून देते." मी हात जोडून सांगितले की, कृपया करू नका. त्या दुपारी मी सहा कलमांचे पत्र लिहिले. जो लिहू शकत नाही त्याच्या बाबतीत सही या शब्दात अंगठा मोडतो, हे कायद्याला मान्य आहे. सदरहू क्षणी मार्गदर्शकांच्या दोन्ही हातांना मोहाचा रस असल्याने त्या लिहू शकत नव्हत्या. सबब अंगठा ग्राह्य धरण्यात यावा. आणि घटनेचे दोन साक्षीदार, परस्परांचे सख्खे भाऊ, चौकशीस हजर राहतील.

पत्र मी बाईंना वाचून दाखवायला दालनात नेले. त्यांनी चिमटा खाली ठेवला, हात धुतले, पुसले आणि प्रथमच माझे पत्र स्वतःच्या हाती घेऊन उभ्याने शेवटपर्यंत वाचले. मग माझ्याकडे पेन मागितले आणि खाली ठसठशीत अक्षरांत सही केली: 'वरील मजकूर खरा आहे. मार्गदर्शक.'

लिपिकाने ती सही पाहिली, अर्जावरचा अंगठा पाहिला आणि दोन्ही कागदांना मिळून एक टाचणी लावली.